सेल्मरच्या गाडीतला पंखा

ब्रेक्के घराण्यात कोणालाही कोणाच्या तोंडावर वाईट बोलता येत नाही. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा मला हा केवढा मोठा गुण वाटला होता. माझ्या माहेरी रविवारच्या जेवणाला बशा आपटल्या जायच्या, आणि इकडे मी पहिल्यांदा केलेलं मटण करपलं तर सासरे दोनदा वाढून घेऊन म्हणाले, "वेगळी चव आहे." पुढे हळूहळू कळलं की हा गुण नाही, रोग आहे. तोही एकट्या ब्रेक्क्यांचा नाही, अख्ख्या गावाचा. आमच्या चर्चला आग लागली तरी लोक म्हणतील, आज आत जरा उबदार आहे.

गेल्या जानेवारीत या रोगाने आमच्या घरात जे केलं, ते आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

माझे सासरे सेल्मर ऐंशीच्या पुढचे. नॉर्थ डकोटातल्या आमच्या गावात त्यांचं गॅरेज होतं, आणि पंचक्रोशीतली एकही गाडी अशी नसेल जिच्याखाली ते आडवे झाले नाहीत. गाडी रस्त्याच्या टोकाला वळली की आतून आवाज ऐकून सांगायचे, पट्टा सैल झालाय. गॅरेज विकून बरीच वर्षं झाली, तरी लोक गाडी बिघडली की आधी त्यांच्या अंगणात आणून उभी करायचे. सासूबाई गेल्यावर तर ती गाडी आणि ते अंगण एवढंच त्यांचं जग उरलं. दर रविवारी आपल्या जुन्या निळ्या गाडीतून ते गावातल्या तीन विधवा बायकांना चर्चला घेऊन जायचे. हेझल पुढे, बाकीच्या दोघी मागे. या कामासाठी ते शनिवारीच बूट पॉलिश करून ठेवत.

पण नजर अधू झाली होती. मानही वळत नव्हती. नोव्हेंबरात त्यांनी गाडी मागे घेताना चर्चची पाटी पाडली, आणि पुढच्या रविवारी पास्टरबाईंनी वाऱ्यालाच दोष दिला. मग आमच्या चौकातला 'थांबा' लिहिलेल्या पाटीचा खांब गेला. मग डिसेंबरात, तिघी बायका गाडीत असताना, ते सरळ हायवेवर एका धान्याच्या ट्रकपुढे शिरले. ट्रकवाल्याने ट्रक बर्फाच्या ढिगात घातला म्हणून चौघे वाचले. हेझलचा चष्मा फुटला, कपाळाला टेंगूळ आलं. चर्चमध्ये विचारलं तर म्हणाली, "सेल्मरने जरा घाई केली." आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्यांच्याच गाडीत जाऊन बसली, कारण नाही म्हटलं तर सेल्मरला काय वाटेल.

कोणीतरी त्यांना सांगायला हवं होतं. पास्टरबाई खास सांगायला म्हणून गेल्या आणि बर्फाबद्दल बोलून कॉफी पिऊन परत आल्या. डॉक्टरने डोळे तपासून "वयाच्या मानाने ठीक" म्हटलं. राहिला माझा नवरा, डॅरेल, त्यांचा एकुलता एक. हा माणूस बियाणं विकतो. अनोळखी शेतकऱ्याच्या ओसरीवर तासभर उभा राहून त्याला मक्याचं नवं वाण गळ्यात मारेल. नाताळच्या जेवणाला तो सांगणार असं आमचं ठरलं होतं. जेवण झालं, लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी-साखर लावून खाऊन झाल्या, डॅरेलने घसा साफ केला आणि म्हणाला, "डॅड, यंदा थंडी जास्त आहे, नाही?" सेल्मर म्हणाले, आहे खरी. संपला विषय.

नव्या वर्षात एका शनिवारी दुपारी माझ्या ड्रेसिंग टेबलावरची बिनरंगी नेलपॉलिशची बाटली जागेवर नव्हती. मी नखं रंगवत नाही, स्टॉकिंगचा धागा सुटला की तो थांबवायला ती ठेवते. तासाभराने बाटली परत जागेवर आली, झाकणाला काळं ग्रीस लागलेलं. डॅरेल बेसिनपाशी उभा राहून हात घासत होता.

मी विचारलं, काय केलंस. आधी काही नाही म्हणाला. मग टॉवेलकडे बघत सगळं सांगितलं. सेल्मर जेवून झोपले होते, तेव्हा तो त्यांच्या गॅरेजात गेला होता. गाडीच्या हीटरच्या पंख्याची अर्थची, म्हणजे वीज परत नेणारी, वायर डॅशबोर्डखाली गाडीच्या पत्र्याला बोल्टने बसवलेली असते. त्याने बोल्ट काढला, वायरीच्या टोकाची कडी, बोल्ट आणि पत्र्यावरची जागा या सगळ्यांवर पॉलिशचे दोन हात दिले, वाळू दिलं आणि पुन्हा घट्ट बसवलं. आता धातूला धातू लागत नाही. वीज पंख्यापर्यंत जाणार, पण तिला परत फिरायला वाट नाही, म्हणून पंखा हलणार नाही.

"आणि दिसतही नाही," तो म्हणाला. "उलट नवीन असल्यासारखं चकचकीत दिसतं."

हे सांगताना त्याच्या आवाजात जी थोडीशी फुशारकी होती, तिचाच मला सगळ्यात जास्त राग आला. ही विद्या त्याला त्या गॅरेजात कोणी शिकवली होती ते मला माहीत होतं.

पंखा नाही म्हणजे आमच्याकडे गाडी नाही. उणे तीसच्या थंडीत गाडीत चार माणसं श्वास घेऊ लागली की काचेवर आतून बर्फ धरतं, आणि पंख्याने गरम हवा मारली नाही तर दोन मिनिटांत पुढचं काही दिसेनासं होतं. सेल्मर कितीही हट्टी असले तरी तसे निघाले नसते. डॅरेलचा बेत असा, की म्हातारे थोडे दिवस खटपट करतील, कंटाळतील, हिवाळा निघेल, आणि तोवर सवय सुटेल.

"आणि तोंडाने सांगितलं असतंस तर?" मी म्हटलं.

"रोंडा, त्यांना काय वाटलं असतं?"

मी त्याच वेळी कोट चढवून सासऱ्यांकडे जायला हवं होतं. गेले नाही. मनात म्हटलं, निदान हेझल तरी जिवंत राहील. ते खरं होतं, म्हणून मला गप्प बसायला सोपं गेलं.

रविवारी सकाळी सेल्मरचा फोन आला. पंखा जरा आळसावलाय म्हणाले, आज तेवढं बायकांना तू नेशील का. मी नेलं. हेझल माझ्या गाडीत बसली, मफलर सोडला आणि चर्च येईपर्यंत दोनदा म्हणाली की या गाडीत फारच गरम होतं बाई, सेल्मर कसं बेताचं ठेवतो.

मी गावातल्या पेट्रोल पंपाच्या दुकानात काउंटरवर असते. तिथे खिडकीपाशी एक लांब टेबल आहे, आणि रोज सकाळी गावातले म्हातारे त्यावर कॉफी घेऊन बसतात. सोमवारी सेल्मर आले आणि पंख्याची हकिगत सांगितली. फ्यूज बघितला, चांगला आहे. स्विच बघितला. पंख्याचा वेग कमीजास्त करणारा तुकडा बदलला, तरी ढिम्म. टेबलावरचा प्रत्येक जण तज्ज्ञ असल्यामुळे सगळ्यांनी आपापलं निदान सांगितलं. एक म्हणाला उंदराने घरटं केलं असेल. एक म्हणाला, हातोडीच्या दांड्याने मोटरला टकटक करून बघ. सेल्मरनी दोन्ही करून बघितलं होतं. ते मजेत होते. पुष्कळ दिवसांनी त्यांना डोकं लावायला काही मिळालं होतं, आणि मी त्यांच्या कपात कॉफी ओतताना त्यांच्याकडे बघत नव्हते.

मंगळवारी त्यांनी अख्खी मोटर बाहेर काढली. बुधवारी टेबलावर सांगितलं की बाहेर काढून थेट बॅटरीला लावली तर भिंगरीसारखी फिरते, आत बसवली की मेलेली. या वेळी निदानं कमी झाली. ऑर्लिन नावाचा एक शेतकरी आहे, सेल्मरचा पोरवयापासूनचा दोस्त, जिभेला हाड नाही. तो म्हणाला, "सेल्मर, तू आता टॉर्च धर आणि डॅरेलला बघू दे. त्याला निदान दिसेल तरी."

आमच्याकडे एवढं कोणी बोलत नाही. ऑर्लिनलाही ते कळलं असावं, त्याने लगेच माझ्याकडे कप पुढे केला. सेल्मर हसले, टोपी घातली, आणि कॉफी अर्धी टाकून गेले. गुरुवारी ते आले नाहीत. शुक्रवारीही त्यांची खुर्ची रिकामी होती, आणि ती ओढून घ्यायला कोणी तयार नव्हतं.

शुक्रवारी काम सुटल्यावर मी ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश घेऊन त्यांच्याकडे गेले. घरात नव्हते. गॅरेजात गेले तर गाडीचं दार उघडं, आणि बाहेर फक्त त्यांचे पाय. सीट मागे सारून ते पाठीवर आडवे झाले होते, डोकं डॅशबोर्डखाली, टॉर्च दातांत धरलेली. हातमोजे काढून ठेवले होते, कारण मोज्यांनी वायरी हाताला लागत नाहीत. बोटं निळी पडली होती आणि एका बोटातून रक्त आलेलं त्यांना कळलंही नव्हतं. मी हाक मारली तेव्हा त्यांना उठता येईना. मी हाताला धरून ओढलं.

ते सीटच्या कडेवर बसून दम खात राहिले. मग म्हणाले, "मोटर चांगली आहे. फ्यूज चांगला आहे. वीज मोटरपर्यंत येते, दिवा लावून बघितला. अर्थची वायर बघितली, चकचकीत आहे. सगळं चांगलं आहे, रोंडा, आणि चालत नाही."

मी म्हटलं, जुनी गाडी आहे, होतं असं.

"असं होत नसतं. कारण असतंच. मला सापडत नाही." त्यांनी बोटावरचं रक्त पँटला पुसलं. "एक विचारू? खरं सांग. तुला माझ्यात फरक वाटतो का? डोक्यात?"

इतक्या वर्षांत एका ब्रेक्क्याने मला सरळ विचारलेला हा पहिला प्रश्न. मी, माझ्या माहेरी बशा आपटायचे म्हणून मिरवणारी, या लोकांच्या मिठाच्या गुळणीला आयुष्यभर हसलेली. मला एवढंच म्हणायचं होतं की सेल्मर, डोकं ठीक आहे, डोळे अधू झालेत, आणि पंखा तुमच्या मुलाने बंद केलाय. ते माझ्याकडे बघत होते, भुवईवर बर्फाचे कण, आणि उत्तराला घाबरलेले. मी म्हटलं, "नाही हो. थंडी फार आहे, एवढंच. आत चला, हॉटडिश निवतंय."

त्यांनी मान हलवली आणि माझे आभार मानले. घरी येईपर्यंत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

डॅरेल जेवायला बसला तेव्हा मी त्याच्यापुढची बशी उचलली आणि उभ्या उभ्या त्याला सगळं सांगितलं. निळी बोटं, तो प्रश्न, माझं उत्तर. तुझा बाप, मी वेडा झालोय का म्हणून विचारतोय, म्हटलं, आणि ते वेड तू त्याला बाटलीतून लावलंयस. आत्ता जा. नाही तर उद्या मी जाते, आणि मी तुझ्यासारखी मऊ बोलणार नाही. हे शेवटचं अर्थातच खोटं होतं, मला दुपारीच कळलं होतं मी कशी बोलते ते. पण डॅरेल घाबरला. उद्या सकाळी नक्की, म्हणाला.

शनिवारी सकाळी तो गेला आणि जेवायच्या वेळेला परत आला. कोट न काढताच खुर्चीत बसला. मी विचारलं, सांगितलंस? त्याने मान हलवली, नाही.

सांगायचं म्हणून तो गॅरेजात शिरला, तर सेल्मर म्हणाले, बरं झालं आलास, टॉर्च धर. त्याने धरली. ते खाली आडवे, हा वाकून उजेड दाखवतोय, आणि त्या उजेडात त्याला स्वतः लावलेलं पॉलिश चमकताना दिसतंय. म्हाताऱ्याची बोटं त्या बोल्टवरून दोनदा गेली आणि पुढे सरकली. डॅरेलचा हात इतका थरथरला की सेल्मर म्हणाले, नीट धर, लहानपणी यापेक्षा बरी धरायचास. मग म्हणाले, आता फक्त ही अर्थची वायर उरलीय. दिसायला चांगली आहे, पण एकदा खोलून बघायला हवी. डॅरेलला वाटलं, झालं, आता. पण सेल्मरनी पाना ठेवला, उठून बसले, त्याच्याकडे जरा बघत राहिले, आणि म्हणाले, तू जा घरी, तुझे ओठ काळे पडलेत. मी बघतो निवांत.

"आणि तू आलास," मी म्हटलं.

"आलो," तो म्हणाला.

मला त्याला आणखी बोलायचं होतं, पण त्याचं तोंड बघून धीर झाला नाही. तो त्या दिवशी जेवला नाही. दर वेळी फोन वाजला की तो खोलीतून उठून जायचा. सेल्मरचा फोन काही आला नाही.

रविवारी सेल्मर ऑर्लिनच्या ट्रकमधून चर्चला आले. सूट घातला होता, सासूबाईंच्या दफनाला घातलेला. प्रार्थना झाल्यावर आम्ही सगळे नेहमीप्रमाणे तळघरात कॉफीला उतरलो. टेबलावर केकच्या वड्या होत्या, बायका कप मांडत होत्या, पास्टरबाई पुढच्या आठवड्यातल्या कामांच्या सूचना देत होत्या. सूचना संपल्या आणि सेल्मर खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. ते कधी चारचौघांत उभे राहून बोलत नाहीत. कपांचे आवाज थांबले.

डॅरेल माझ्या शेजारी होता. त्याने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. आता सगळ्या गावासमोर कळणार, हे आम्हा दोघांच्या मनात एकदमच आलं. जमीन दुभंगली असती तर मी आधी त्याला ढकललं असतं आणि मग स्वतः उडी मारली असती.

"माझ्या गाडीचा पंखा बंद पडलाय, हे तुम्हाला ठाऊक आहे," सेल्मर म्हणाले. "गेला आठवडाभर मी शोधतोय. सगळं उघडून बघितलं. मला सापडलं नाही."

त्यांनी खुर्चीची पाठ दुसऱ्या हातानेही धरली.

"ज्याला साधा पंखा दुरुस्त करता येत नाही, त्याने दुसऱ्याला गाडीत बसवू नये. तर मी गाडी सोडतोय. हेझल, आता तुला रोंडा नेत जाईल. गरम होतं म्हणून तिच्या मागे लागू नकोस."

दोन-चार जण हसले, हसायचं म्हणून. या खोलीत असं एक घर नव्हतं ज्याची गाडी या माणसाने भर थंडीत सुरू करून दिली नव्हती. ऑर्लिन आपल्या बुटांकडे बघत होता, त्याची मान लाल झाली होती. शेवटी कोणीतरी म्हणालं, पंखे असेच असतात, काही सांगता येत नाही. हेझल उठली, सेल्मरपाशी गेली, त्यांची बाही धरली आणि तशीच उभी राहिली. ऑर्लिन म्हणाला, आज बायकांना तो सोडेल.

मी डॅरेलकडे बघितलं. त्याचे खांदे खाली आले होते, श्वास सुटला होता. सापडलं नाही, म्हणजे सुटलो. ती सुटका त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसली, आणि मला त्याची किळस आली. मग लक्षात आलं की मलाही हलकं वाटतंय, आणि मी हातातली केकची वडी खाली ठेवली.

सेल्मर आमच्यापाशी आले आणि त्यांनी डॅरेलच्या हातावर किल्ली ठेवली. आजच घेऊन जा, म्हणाले, गॅरेज रिकामं झालेलं बरं. मी म्हटलं, पंख्याशिवाय काचेवर बर्फ धरेल. ते म्हणाले, दोन गल्ल्या तर जायचंय.

आम्ही माझ्या गाडीतून त्यांना घरी नेलं. वाटेत ते खिडकीबाहेर बघत होते. अंगणात मी माझी गाडी तशीच सोडली, संध्याकाळी नेता आली असती. डॅरेलला त्या निळ्या गाडीत एकटं बसू द्यावंसं मला वाटेना. सेल्मरनी स्वतः गॅरेजचं दार वर सरकवलं, इंजिन गरम ठेवायला लावलेली वायर भिंतीतून काढली, गुंडाळून खुंटीला लावली. डॅरेल स्टिअरिंगमागे बसला, मी शेजारी. सीट जागेवर सरकवलेली होती, पायपोस झटकून घातलेलं. आठवडाभर विस्कटलेली गाडी बाजारात मांडावी तशी आवरली होती.

डॅरेलने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, आणि त्याबरोबर पंखा.

पहिल्यांदा मला कळलंच नाही तो कसला आवाज आहे. मग थंड हवेचा झोत आमच्या अंगावर आला, नंतर कोमट, आणि काचेवरचं धुकं खालच्या कडेपासून विरायला लागलं. स्विच आधीच चालू करून ठेवलेला होता, सगळ्यात वरच्या वेगावर. मी वाकून डॅशबोर्डखाली बघितलं. अर्थच्या वायरीची कडी काचकागदाने घासून कोऱ्या धातूपर्यंत उघडी केली होती, भोवतालचा पत्राही. बोल्ट नवीन होता. इतकं नीट काम आमच्या गावात एकच माणूस करत असे. मी वर आले तेव्हा डॅरेलने काहीही विचारलं नाही. माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं.

सगळ्या चर्चसमोर ते उभे राहिले तेव्हा त्यांना सापडलेलं होतं. माझ्या पॉलिशचा थर त्यांनी खरवडून काढला होता, बहुतेक शनिवारीच, आणि तो गॅरेजात कसा आला तेही त्यांनी जुळवलं होतं. मग सूट घालून, सासूबाईंच्या दफनाचा सूट घालून, ते लोकांना सांगायला गेले होते की मला येत नाही.

सेल्मर गॅरेजच्या दारात उभे होते, हात कोटाच्या खिशात. डॅरेल स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसला होता. मग त्याने काच खाली केली.

"डॅड. ते मी केलं होतं."

सेल्मर जवळ आले, वाकले. "काय?"

"पंखा. मी बंद केला होता. मला तुम्हाला सांगायचं होतं की गाडी... मला सांगता आलं नाही."

डॅरेल रडत होता. त्याला मी असं रडताना कधी बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. मला वाटलं, आता तरी. आता तरी हे दोघं एकमेकांना काहीतरी म्हणतील, शिवी का असेना. एखादी बशी का आपटेना.

सेल्मरनी खिडकीतून हात आत घातला आणि पंख्याच्या जाळीपुढे उताणा धरला. त्या बोटाला पट्टी होती. हवा पुरेशी गरम आहे का ते ते गिऱ्हाईकाच्या गाडीत असंच बघायचे.

"पंखा तर चालतोय," ते म्हणाले. "काच मोकळी झाली बघ. निघा आता, जेवणं व्हायची असतील."

त्यांनी टपावर हलकी थाप मारली आणि बाजूला झाले. डॅरेलने काच वर केली, गाडी मागे घेतली. त्यांनी दार खाली ओढलं आणि घराकडे चालू लागले, मागे वळून न बघता, बर्फावरून जपून पाय टाकत.

डॅरेलने गाडी आमच्या गल्लीत वळवली. हवा आता चांगलीच तापली होती. मला कोटाच्या आत घाम फुटला होता, डॅरेलच्या कपाळावरही दिसत होता, पण पंखा कमी करायला आमच्यापैकी कोणाचा हात पुढे झाला नाही.